आपण काय सगळे मुके आहोत? : ग्लॉस्टरच्या बंदराकाठी राहणाऱ्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र आपल्या बिल्डिंगमधल्या आणि समोरच्या गल्लीतल्या त्या पाच मराठी घरांना आहे ज्यांनी गेल्या आठवड्यात त्या अर्जावर सही केली. नावं घेत नाही, घेणारही नाही. आपण एकमेकांच्या घरी जेवलोय, एकमेकांची पोरं सांभाळलीत. ग्रुपवर लिहायला घेतलं होतं पण ग्रुपवर कोणी चार ओळींच्या पुढे वाचत नाही आणि हे चार ओळींत बसणारं नाहीये. शिवाय मला वाटतं हे फक्त आपल्यापुरतं नाही, कुठल्याही बंदराकाठी हौसेने घर घेतलेल्या मराठी माणसाने वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ग्लॉस्टर म्हणजे बॉस्टनच्या उत्तरेला, लोकल ट्रेनने साधारण तासाभरावर, केप ॲनच्या टोकावरचं मासेमारीचं गाव. १६२३ पासूनचं. इथे दरवर्षी जूनच्या शेवटी, २९ तारखेला संत पीटरचा सण असतो त्याच्या जवळपासच्या आठवड्यात, बुधवार ते रविवार पाच दिवस सेंट पीटर्स फिएस्टा होतो. सिसिलीहून आलेल्या मच्छीमारांनी सुरू केलेला. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. मग पाच दिवस बंदराजवळ स्टेज, पाळणे, खाण्याचे स्टॉल, होड्यांच्या शर्यती, तो सुप्रसिद्ध ग्रीसी पोल (ग्रीस फासलेल्या आडव्या खांबावर चालत जाऊन झेंडा काढायचा खेळ), आणि रविवारी उघड्यावर मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती उपासना, खांद्यावरून पीटरची मिरवणूक आणि बोटींना आशीर्वाद.

तर आपल्या भागातल्या काही रहिवाशांनी सिटीला द्यायला एक अर्ज लिहिलाय. रात्री नऊनंतर आवाज बंद, रविवारच्या मध्यरात्रीची शेवटची मिरवणूक बंद, रस्ते अडवायचे नाहीत, पाळणे आणि स्टेज बंदरापासून लांब कुठेतरी मैदानात न्यायचे. आणि जोडीला, ह्याचा फिएस्टाशी काहीएक संबंध नसताना, वर्षभर धक्क्यावर पहाटे जे ट्रक येतात, बर्फ भरतात, मासळी उतरवतात त्यालाही वेळेची मर्यादा घाला असं एक कलम घुसवलंय. शेवटी एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की मासेमारी आता इथे नावापुरतीच उरलीय, तेव्हा बोटींच्या आशीर्वादासाठी अख्ख्या वस्तीला पाच दिवस वेठीला धरण्यात काही अर्थ नाही.

ह्या वाक्याखाली आपल्या सह्या आहेत. मी तीनदा वाचलं. तुमच्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत वाचलं मला माहीत नाही.

आता मी कोण बोलणारी. तुम्ही मला तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणून ओळखता, जी नाइट करते आणि दिवसा झोपते, म्हणजे आवाजाचा त्रास मला तुमच्याहून कमी नाही उलट जास्तच असेल. पण मी वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांची मुलगी आहे हे तुम्हाला बहुतेकांना माहीत असून लक्षात नसतं. माझे पपा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद, आणि नंतर बोटी परत पाण्यात घालायच्या आधी फादर धक्क्यावर यायचे, पांढऱ्या झग्याचा घोळ एका हाताने वर धरून एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर जायचे, पवित्र पाणी शिंपडायचे, आणि आई त्या शिंपडलेल्या फळीवर हात फिरवून तोच हात आमच्या कपाळाला लावायची. बाजूची हिंदू कोळी घरं नारळी पुनवेला नारळ सोडायची, आम्हीही बघायला जायचो, ते आमच्या सणाला यायचे. कोणाचा देव कुठला ह्याच्यापेक्षा बोट परत आली पाहिजे हे सगळ्यांचं एकच होतं.

माझे एक काका परत आले नाहीत. मी सात वर्षांची होते. बोट सापडली, तीन खलाशी सापडले, काका नाही. आजी मरेपर्यंत संध्याकाळी दाराला कडी घालू द्यायची नाही. काकांची कबर नाही, नाव कोरलेला दगड नाही, एक फोटो आहे तोही दुसऱ्याच्या लग्नातला कापून घेतलेला.

म्हणून मी पहिल्यांदा ह्या गावात आले आणि समुद्राला तोंड करून उभा असलेला तो चाक धरलेला माणूस बघितला (लेनर्ड क्रास्कचा पुतळा, १९२५ चा, आपण सगळ्यांनी तिथे पाहुण्यांचे फोटो काढलेत), आणि त्याच्या समोर अर्धगोलात लावलेल्या ब्राँझच्या पाट्या वाचायला लागले तेव्हा मला तिथून निघता येईना. ५,३६८ नावं आहेत. ह्या एका गावातून समुद्रावर गेलेली आणि न आलेली. वर्षावर वर्ष, एकेका वर्षात ओळीच्या ओळी, एकाच आडनावाची दोन-दोन तीन-तीन माणसं. थोडं पुढे गेलं की बायकोचा आणि दोन लेकरांचा पुतळा आहे, २००१ मध्ये बसवलेला, तीही समुद्राकडेच बघतेय. त्या दिवशी मी ठरवलं की घर घ्यायचं तर इथे. नवऱ्याला ट्रेनचा रोजचा प्रवास पडतो तरी.

तर ह्या लोकांचं थोडं ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून सिसिलीच्या तेरासिनी, त्रापेतो, शाक्का अशा गावांमधून ही कुटुंबं इथे आली. बंदराला लागून फोर्ट म्हणतात ती वस्ती, तिथे दाटीवाटीने राहिली, कारण बोट दिसेल इतक्या अंतरावर घर हवं होतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, कोळीवाडा असाच असतो. १९२६ मध्ये साल्वातोरे फावाझा नावाच्या कॅप्टनने पीटरचा मोठा पुतळा करवून घेतला, घरांघरांतल्या बायाबापड्या त्याच्यासमोर जमायला लागल्या आणि १९२७ ला पहिला फिएस्टा झाला. म्हणजे २०२७ ला शंभर वर्षं होतील. आपली बिल्डिंग किती वर्षांची आहे ते तुम्हाला माहितीय.

मधल्या काळात ह्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नागरिकत्व न घेतलेल्या सहा लाख इटालियन लोकांना शत्रू-परके ठरवलं होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने अशा मच्छीमारांना समुद्रात जायची बंदी, बोटी सरकारने ताब्यात घेतल्या. ज्यांची पोरं अमेरिकन सैन्यात लढत होती त्यांचे बाप धक्क्यावर बसून. सॅन फ्रान्सिस्कोमधे तर बेसबॉलच्या जो डिमॅजिओचे वडील, पोरगा देशाचा हिरो, आणि बाप मासे पकडायला जाऊ शकत नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये ते शत्रूपण काढलं. आपल्याला साधं व्हिसाच्या रांगेत दोन तास जास्त थांबावं लागलं तरी आपण महिनाभर सांगत फिरतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता पपांचं सांगते, म्हणजे माझा जीव का तुटतो ते कळेल.

२०२२ च्या जूनमध्ये आई-पपा इथे होते. पपांना इंग्रजी येत नाही. रविवारच्या मिस्सेला आम्ही गेलो. मिस्सेत पीटरचं नाव आलं तेवढं त्यांना कळलं, आमच्या मराठी प्रार्थनेत संत पेत्र म्हणतात, तर ते प्रत्येक वेळी हळूच "पेत्र" म्हणायचे. मिरवणूक निघाली तसे त्यांनी बूट काढून हातात घेतले, आमच्याकडे सणाच्या मिरवणुकीत अनवाणी चालायची त्यांची सवय आहे. डांबर तापलेलं. एका बाईंना वाटलं ह्यांच्या पायाला काहीतरी झालंय, त्या धावत जाऊन घरातून खुर्ची घेऊन आल्या. मी सांगितलं तसं नाहीये, का चालताहेत ते सांगितलं, तर त्या बाईंनी खुर्ची तिथेच रस्त्यात ठेवली आणि पपांचा हात धरून पुढे चालायला लागल्या. पुढे पुतळा, पुतळ्यावर खिडक्यांमधून रंगीत कागदाचे तुकडे पडताहेत, आणि खांदा दिलेल्यांपैकी एकजण घसा फाटेस्तोवर ओरडतो, "मे की सामिउ, दुते मुते?" आणि सगळा रस्ता उत्तर देतो, "विवा सान पिएत्रो!" पपांनी विचारलं काय म्हणतोय. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी सांगितलं, त्याचा अर्थ आहे, आपण काय सगळे मुके आहोत?

तेच गृहस्थ नंतर तासभर पपांबरोबर बसले. पूर्वी स्वतःची बोट होती, आता विकली. मी मधे बसून भाषांतर करत होते पण खरं सांगायचं तर निम्म्या गोष्टींना माझी गरजच नव्हती. दोघांनी तळहात दाखवले. दोराने पडलेले घट्टे एकाच जागी, अंगठ्याच्या खाली आणि करंगळीच्या बाजूला. पपांनी हवेत सुई चालवून जाळं कसं सांधतो ते दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि आपली गाठ दाखवली, ती थोडी वेगळी, मग टेबलावरचे दोन कागदी रुमाल पिळून त्याच्या दोऱ्या केल्या आणि दोन्ही गाठी मारून बघितल्या. पपांनी विचारलं तुमच्याकडे बंदी किती दिवस. ते म्हणाले आमच्याकडे उलटं, एकेकाळी वर्षाचे किती दिवस समुद्रात जायचं ते मोजून मिळायचं, मग २०१० पासून कोटा आला, किती वजन कुठला मासा कोणी पकडायचा ते कागदावर ठरतं. पपा बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, विचार त्यांना, आशीर्वाद घेऊन बोट नुसती धक्क्यावर उभी ठेवायची म्हणजे कसं वाटतं. मी नाही विचारलं. माझ्याच्याने विचारवलं नाही.

ह्या सगळ्याला अर्जात "नावापुरती" म्हटलंय.

आता एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी तो नावापुरतीचाच. बोटी कमी झाल्या हे खरं. पण त्या का कमी झाल्या? १९७६ च्या कायद्याने अमेरिकेने २०० मैलांपर्यंतचा समुद्र आपल्याकडे घेतला, परदेशी ट्रॉलर गेले, सगळ्यांना वाटलं आता आपलंच राज्य, बोटी वाढल्या, मोठ्या झाल्या, आणि कॉड मासा कमी होत गेला. जास्त पकडला गेला हा दोष होता आणि इथले जुने मच्छीमारही ते नाकारत नाहीत. १९९४ च्या शेवटी जॉर्जेस बँक ह्या भर समुद्रातल्या मासेमारीच्या जागेचे मोठाले पट्टे बंद केले. मग दिवस मोजणं, मग कोटा. २०१२ ला केंद्र सरकारनेच ह्या भागातल्या मासेमारीवर आपत्ती आल्याचं जाहीर केलं आणि लगेच पुढच्या वर्षी गल्फ ऑफ मेनच्या कॉडचा कोटा ७७ टक्क्यांनी कापला. तुमचा पगार एका वर्षात ७७ टक्के कापला तर, एवढाच विचार करा. त्यातूनही जे टिकलेत, कोणी लॉबस्टरवर गेलं कोणी दुसऱ्या मासळीवर, ते आजही पहाटे तीनला निघतात आणि मी नाइटवरून परत येते तेव्हा धक्क्यावर दिवे चालू असतात. मला ते दिवे रोज दिसतात, तुम्हाला झोपेत दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं होत नाही.

आणि बोटी कमी झाल्या म्हणून आशीर्वाद कशाला, हे तर मला समजतच नाही. बोटी कमी म्हणजे प्रत्येक बोटीवर माणसंही कमी, खर्च परवडत नाही म्हणून तीन माणसांचं काम दोघं करतात, दुरुस्ती पुढे ढकलतात, हवा खराब असली तरी निघतात. लाइफ राफ्ट आहे, तरंगणारा सूट आहे, बुडाली तर आपोआप सिग्नल देणारं यंत्र आहे, सगळं आहे. १९९१ ला इथूनच निघालेली अँड्रिया गेल ही बोट वादळात गेली, तिच्यावरही सहा माणसं होती, एकही परत आला नाही. घरचे लोक फादरना बोलावतात ते यंत्रांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर यंत्राच्या पुढे जे उरतं त्याचं काय करायचं हे कोणालाच माहीत नाही म्हणून.

पहाटेच्या ट्रकचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो आणि ह्याच्यावर कोणी बोलतच नाहीये. इथल्या आतल्या बंदराचा मोठा भाग राज्याच्या नियमाने डेझिग्नेटेड पोर्ट एरिया म्हणून राखलेला आहे, म्हणजे तिथे पाण्याशी संबंधित धंदेच, बोटी, बर्फ, मासळी, दुरुस्ती, घरं बांधता येत नाहीत. हे नियम आहेत म्हणून हे बंदर अजून बंदर आहे. पण नियम बदलायला कागद लागतो आणि कागद कसा तयार होतो ते आपण मुंबईवाले चांगलं ओळखतो. आधी वासाची तक्रार, मग आवाजाची, मग ट्रॅफिकची, दहा वर्षांनी कोणीतरी ती फाइल काढून दाखवतो की बघा इथे वस्ती आणि धक्का एकत्र नांदू शकत नाहीत, धक्का हलवा. तुमची सही त्या फाइलमधली एक सही आहे. तुमच्या मनात तसं नसेल, मला खात्री आहे नाहीये, पण फाइलमध्ये मनातलं लिहिलेलं नसतं.

आणि ह्याच ठिकाणी मला तुमच्यावर खरा राग आला, तो लपवत नाही. मुंबईत कोस्टल रोडचं चाललं होतं आणि वरळीचे कोळी बांधव भांडत होते की दोन खांबांमधून आमच्या बोटी जायला जागा ठेवा, तेव्हा तुमच्यापैकी दोघांनी त्यांच्या बाजूने लांबलचक पोस्टी टाकल्या होत्या, मी शेअर केल्या होत्या. त्यांनी भांडून ६० मीटरचं अंतर १२० करून घेतलं तेव्हा आपण ग्रुपवर आनंद व्यक्त केला. मुंबईचे मूळ रहिवासी कोळी, त्यांचा हक्क पहिला, असं आपणच म्हणतो ना? मग इथे कोळी गोरे आहेत आणि इटालियन बोलतात म्हणून नियम बदलला का?

मध्यरात्रीच्या मिरवणुकीबद्दल. वर्षातून एक रात्र. रविवारी रात्री सगळं संपल्यावर पीटरला खांद्यावर घेऊन फोर्टमधल्या गल्ल्यांतून फिरवतात आणि परत त्याच्या जागी क्लबमध्ये नेऊन ठेवतात. हा निरोप आहे. आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो आणि पाटावरून उठवायला हात धजत नाहीत, तेच. मागच्या वर्षी आपला गणपती गेला तेव्हा पार्किंगमध्ये तासभर ढोल आणि झांजा वाजल्या, सोमवार होता, रात्रीचे साडेनऊ. तळमजल्यावरच्या सिसिलियन आजी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. आपल्याला वाटलं आता पोलीस येणार. त्या बाहेर आल्या, मूर्ती मोठी आहे का विचारलं, नमस्कार कसा करतात विचारलं आणि तसा केला. ह्या अर्जाची प्रत त्यांच्या दारालाही लावलेली आहे. त्यांना मराठी आडनावं वाचता येतात, पाच वर्षं आपल्या लेटरबॉक्सवर बघताहेत.

सगळं बंदरापासून लांब मैदानात न्या, हे ज्यांनी लिहिलं त्यांना बोटींना आशीर्वाद म्हणजे काय हे कळलेलंच नाही. बोट मैदानात कशी येणार? आणि ग्रीसी पोल तरी कुठे नेणार, पॅव्हिलियन बीचसमोर समुद्रातच तो आडवा खांब आहे, ग्रीस फासलेला, टोकाला झेंडा, घसरला की थेट पाण्यात. आपली पोरं दहीहंडी म्हणून बघतात त्याच्याकडे. पहिल्या फेरीत झेंडा कोणी काढत नाही, सगळ्यांना एकदा चालायला मिळावं म्हणून. हे मला फार आवडतं.

हा सण म्हणजे एकट्या ग्लॉस्टरचं खूळ आहे असंही कोणी समजू नये. माझी चुलत बहीण पर्थला असते, ती दर ऑक्टोबरमध्ये मला फ्रीमँटलचे फोटो पाठवते. मोल्फेत्ता आणि कापो द'ऑर्लांदो ह्या गावांतून गेलेल्या मच्छीमारांनी १९४८ पासून तिथे हेच चालवलंय, सेंट पॅट्रिक्स चर्चमधून मारियेच्या मूर्ती निघतात आणि बंदरावर बोटींपाशी येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर मादोन्ना देल लुमेचा सण असतो. तिथे वॉर्फवर आता बोटींपेक्षा टुरिस्ट जास्त, आणि तरीही त्या बायका मूर्ती घेऊन पाण्यापर्यंत जातात, मेलेल्यांसाठी पाण्यात फुलं सोडतात. बहिणीचं आणि माझं फोनवर नेहमी एकच बोलणं, आपल्या वसईच्या धक्क्यावरून निघालो आणि जगात कुठेही गेलो तरी फादर बोटीवर पाणी शिंपडताना दिसतातच.

तुमच्या ज्या तक्रारी खऱ्या आहेत त्या मी मान्य करते, पूर्ण मान्य करते. आपल्या पायऱ्यांवर लोक पिऊन बसतात, बाटल्या टाकतात, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या दारातच लघवी केली आणि ती मी धुतली. दुसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ आहे. एका काकांना ऑक्सिजन लागतो आणि रस्ता बंद असताना ॲम्ब्युलन्स कुठून येणार हा प्रश्न अगदी रास्त आहे, नर्स म्हणून सांगते, हा प्रश्न कोणी हलक्यात घेऊ नये. पण ह्यातली एकही तक्रार नोव्हेनाला बसणाऱ्या बायकांमुळे नाही की खांदा देणाऱ्यांमुळे नाही. त्या बाहेरून नुसतं प्यायला येणाऱ्या गर्दीच्या आहेत, आणि त्याचा त्रास फोर्टमधल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याआधी आणि आपल्याहून जास्त होतो. त्यांच्याशी बोलून बघितलंत का? अर्ज लिहिणाऱ्यांपैकी एकही माणूस फिएस्टाच्या कमिटीकडे गेलेला नाही, मी विचारून आलेय.

तर माझं मागणं असं आहे.

त्या अर्जावरच्या आपल्या सह्या मागे घ्या. सगळ्या पाच. अर्ज अजून सिटीकडे गेलेला नाही, पुढच्या शुक्रवारी जाणार आहे, वेळ आहे. मागे घेताना का घेतोय ते दोन ओळीत लिहून द्या, गुपचूप नाव खोडू नका.

धक्क्याच्या कामाच्या वेळांवर मर्यादा आणणाऱ्या कुठल्याही कागदावर, आज किंवा नंतर, आपण सही करायची नाही. आपण बंदर दिसतं म्हणून जास्त पैसे मोजून इथे घर घेतलं, ब्रोकरने खिडकीतून बोटीच दाखवल्या होत्या. त्या बोटी कामाच्या आहेत.

खऱ्या तक्रारींचं वेगळं पत्र लिहू, कमिटीला आणि सिटीला दोघांना. जास्त टॉयलेट, रात्रीची सफाई, आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस, आणि ॲम्ब्युलन्ससाठी एक रस्ता कायम मोकळा. मसुदा मी करून ठेवलाय, त्यावर फोर्टमधल्या सात घरांनी सही करायची तयारी दाखवलीय. बाळाच्या आईला आणि ऑक्सिजनवाल्या काकांना ते पाच दिवस शांत जागा हवी असेल तर माझी बेडरूम मागच्या बाजूला आहे, तिथे आवाज येत नाही, मी तेवढे दिवस हॉलमध्ये झोपेन.

आणि ग्रुपवर ज्याने ह्या लोकांना "गावंढळ" लिहिलं त्याने तो शब्द मागे घ्यावा. ग्रुपवरच. माझे पपाही त्याच गावचे आहेत, तो शब्द मी तेव्हा मुकाट्याने वाचला आणि खाली कोणाच्या तरी वाढदिवसाला केकचं चित्र टाकलं, ह्याची मला अजून लाज वाटते.

नोव्हेना सुरू झालाय. मी नाइट नसेल त्या संध्याकाळी जाते, सगळे मंत्र सिसिलियनमध्ये असतात, फक्त चाल कळते, तरी कोणी उठवत नाही. तुमच्यापैकी कोणी यायचं असेल तर पावणेसातला खाली भेटा. मिस्सेला रविवारी सकाळी जागा लवकर भरते, खुर्च्या घरून न्याव्या लागतात. पपांनी ह्या वर्षी येता येणार नाही म्हणून वसईहून दोराचा एक छोटा तुकडा पाठवलाय, गाठ मारलेला, त्या गृहस्थांना द्यायला. तो घेऊन मी पुतळ्याच्या डाव्या बाजूला उभी असेन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण